कळलावीचे अकरा दाणे

मामी, फूल आलं. या वेळी खरंच आलं. मागच्या वेळी मी तुम्हांला सांगितलं होतं ते खोटं होतं. आणि ते खोटं आहे हे तुम्हांला तेव्हाच कळलं होतं, हे मला परवा, दिवाळी झाल्यावर कळलं. म्हणून लिहायला बसले. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, आता हे कुठं पाठवणार? आणि तुम्ही असतात तरी मलाच समोर बसून वाचून दाखवावं लागलं असतं. तुम्ही बोलायचात मराठी आणि लिहायचात तमिळ. मी पहिल्यांदा तुमच्या घरी वाणसामानाची यादी लिहून पुढं केली तेव्हा तुम्ही कागद लांब धरलात, जवळ धरलात आणि परत माझ्या हातात दिलात. म्हणालात, "वाच गे. आमच्या पणज्यांनी तंजावरास भाषा राखली, अक्षरं घालवली." चौथी शिकलेली मी, आणि शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या बाईला यादी वाचून दाखवत होते. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

मी तुमच्याकडं आले ती पोटासाठी आले. आमचं माणूस गलाईच्या कामातलं. आमच्या सांगलीकडची निम्मी गावं सोनं-चांदी वितळवायला देशभर पांगलीत, तसे आम्ही मद्रासला सावकारपेठेत आलो होतो. भट्टीच्या धुरानं त्यांची छाती गेली, मग मी स्वयंपाकाची कामं धरली. रोज एक बस बदलून अड्यारला यायचं. तुमच्या घरात शिरलं की बाहेरचं ऊन तिथंच थांबायचं. मागं आंबा, फणस, बदाम, आणि त्यांच्या बुडाशी तुमचं ते रान. मला ते पहिल्यांदा गवतच वाटलं. "एवढी जागा आहे तर चार वांगी लावा की मामी, मिरच्या लावा, ही गवतं काय करायचीत?" असं मी तोंडावर म्हटलं होतं. तुम्ही हसलात नुसत्या. त्या गवतात रानातली अबोली होती, निळी कोरांटी होती, जमिनीतून पान नसताना नुसतं फूल काढणारा भुईचाफा होता, आणि कुंपणाच्या जाळीवर पानांच्या टोकांनी धरून चढलेली कळलावी. तमिळ लोक तिला कांदळ म्हणतात आणि मान देतात. आमच्याकडं ती कुणी दारात लावत नाही, घरात भांडणं लागतात म्हणून. मी तसं सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "भांडणास फूल कशाला? तू अहेस की."

खरं होतं ते. मला दम निघत नाही, अजून निघत नाही. तुमच्याकडं पहिल्याच आठवड्यात मी कुकरची वाफ जायची वाट न बघता चमच्यानं शिट्टी उचलून धरली आणि भाताचं पाणी कारंजासारखं छताला लागलं. तुम्ही दारात उभ्या. ओरडला नाहीत. स्टूल ओढून घेतलंत, माझ्या हातात फडकं दिलंत आणि म्हणालात, "आता छत पूस. वाफ जाईतोवर उभी राहिली असतीस तर यापेक्षा कमी वेळ लागला असता, होय का नाही?" आणि मग तो तुमचा शब्द, "पोरुमै". धीर. तो शब्द मी तुमच्याकडून इतका ऐकला की तमिळमधे मला दुसरं काही धड येत नव्हतं तेव्हाही तो येत होता. भाजी चिरताना पोरुमै, बस चुकली तर पोरुमै. एकदा मी वैतागून म्हटलं, "मामी, तुमच्या पोरुमैची आमटी करून वाढा आज मला." तुम्ही म्हणालात, "केली असती. शिजायास वेळ लागतो गे, तू थांबायची नाहीस."

आणि एक दुपार आठवते. अबोलीच्या वाळलेल्या शेंगांचं ताट तुम्ही ओसरीत ठेवलंय, मला बोलावताय, "हिकडे ये, काय करूलागलीस तिथं?" मी पदराला हात पुसत येते. तुम्ही ओंजळीत पाणी घेऊन त्या शेंगांवर शिंपडता आणि म्हणता, आता बघ. काही होत नाही. मी उठायला लागते, माझी फोडणी करपत असते. तुम्ही मनगट धरून बसवता. आणि मग टिक. टिक. टिक टिक टिक. शेंगा फुटतात, बी उडतं, माझ्या गालावर, तुमच्या चष्म्यावर, सगळ्या ओसरीभर. मी लहान पोरीसारखी ओरडले होते. फोडणी करपलीच त्या दिवशी. तुम्ही करपलेलीच आमटी जेवलात. त्या दिवसापासून मी तुमच्या त्या गवतात हात घालू लागले. पाकिटांवर नावं घालायचं काम माझं. तुमचा नियम होता, पाकिटावर तीन गोष्टी पाहिजेतच. कसलं बी, कुठल्या रानातलं, कुठल्या महिन्यात पेरायचं. त्यातली एक जरी खोटी लिहिली तर बी फुकट, म्हणायचात. मी लिहायचे, वाचून दाखवायचे, तुम्ही बोटानं अक्षरं चाचपायचात. दोन वर्षांत तुम्हांला 'क' आणि 'अ' ओळखू यायला लागलं होतं. बाकीचं मी वाचीन तेच खरं.

मग तुमच्या मुलानं घर बिल्डरला द्यायचं ठरवलं. मी त्याला नावं ठेवत नाही, त्या गल्लीतली सगळीच घरं एकेक करून तशी गेली. झाडं तोडायच्या आधीच्या आठवड्यात, मासी महिना होता, आपला माघ-फाल्गुन, कळलावीची बोंडं वाळून उकलली होती आणि आत डाळिंबासारखे लाल दाणे दिसत होते. एकाच वेलीला धड बोंडं लागली होती त्या वर्षी. बाकीच्या फुलांचं बी तुम्ही ज्यांना त्यांना देऊन टाकलं होतंत. कळलावीचे दाणे तुम्ही मला दिलेत. अकरा. तुमच्यासाठी एकही ठेवला नाहीत, कारण भाड्याच्या फ्लॅटमधे तुम्हांला पेरायला जागा नव्हती. म्हणालात, "मी सांगीन तेव्हा पेर. तोवर राखेत राहू दे." एवढंच. मी हो म्हटलं.

मी थांबले नाही, मामी. जूनमधे मृग लागला. आमच्याकडं मृग लागला की माणूस घरात बसत नाही, सगळं रान पेरणीला निघतं. गावाकडून भावाचा फोन आला, पाऊस झाला, पेरलं. माझे हात शिवशिवायला लागले. मला कुठं ध्यानात येतं की हे मद्रास आहे, इथला पाऊस दिवाळीला येतो, इथं जून म्हणजे नुसता जाळ! इतकी वर्षं राहून मला ते माहीत नव्हतं असं नाही. पण मृग म्हणजे पेरणी, हे अंगातच भिनलेलं. तुम्हांला विचारायला एक फोन पुरला असता. विचारलं असतं तर तुम्ही थांब म्हणाला असतात, म्हणून नाही विचारलं. सावकारपेठेतल्या आमच्या गच्चीवर, उन्हात, फुटक्या टोपल्यात माती भरून मी अकराच्या अकरा दाणे पेरले. दिवसातून दोनदा पाणी. आठवडा गेला, महिना गेला, दीड महिना गेला. नुसती माती. मुंग्यांनी वर घर केलं. एक दिवस दुपारी माझं डोकं फिरलं आणि मी ते टोपलं उचलून खाली गटाराच्या कडेला पालथं केलं. आमच्या गलाईच्या दुकानात जमिनीचा केरसुद्धा कधी टाकत नाहीत, पोत्यात भरून ठेवतात, त्यात सोन्याचा कण असतो म्हणून. वीस वर्षं मी तो केर भरला होता. आणि तुमच्या अख्ख्या बागेतलं जे माझ्याकडं उरलं होतं ते मी गटाराला घातलं.

पुढच्या महिन्यात मी तुमच्या त्या भाड्याच्या फ्लॅटवर भेटायला आले तेव्हा तुम्ही पहिलं तेच विचारलंत. "पेरलंस वाटतं. अलं का?" पेरलं हे तुम्हांला कसं कळलं कोण जाणे, माझं तोंडच सांगत असेल. मी म्हटलं, आलंय, बोटभर. जीभ अडखळली पण नाही. तुम्ही म्हणालात, बेस. आणि मग होळीनंतरचं ते ऊन. तुम्ही अंथरुणाला खिळलेल्या, आवाज बारीक झालेला. पंख्याचा आवाज जास्त, तुमचा कमी. मी पेजेची वाटी घेऊन बसले होते. तुम्ही विचारलंत, "वेल कशी अहे?" मी म्हटलं, "फूल आलं मामी." तुम्हांला बरं वाटावं म्हणून म्हटलं, असं मी चौदा वर्षं स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. मला तो विषय एकदाचा संपवायचा होता. फूल आलं की संपलं, पुढं विचारायला काय राहतं?

तुम्ही डोळे मिटून होतात. मग विचारलंत, "कसल्या रंगाचं?"

"तांबडं."

"पहिल्या दिवसापासून तांबडंच?"

"तांबडंच की. तुमच्या कुंपणावर होतं तसं, लालभडक."

तुम्ही डोळे उघडून माझ्याकडं बघितलंत. मला वाटलं आनंदानं बघताय. मग म्हणालात, "कागद घे. लिहून ठेव. कोणी विचारलं तर संगायास पाहिजे." मला राग आला होता, खरं सांगते. पेज निवत होती, मला सहाची बस गाठायची होती, आणि तुम्ही धापा टाकत एकेक वाक्य सांगताय. बी मासीत काढ, लाल साल राखेत चोळून काढ. उन्हाळाभर थंड जागी ठेव. जूनमधे पेरू नकोस. ऐप्पसीत पेर, दिवाळीचा पाऊस लागला म्हणजे. झाडाच्या सावलीत, पानं कुजलेल्या मातीत. पहिल्या वर्षी अलं नाही तर दुसऱ्या वर्षी येईल, माती टाकू नकोस. पहिलं पान वाळलं म्हणजे मेलं असं नाही, खाली कंद निजतो. फुलास चार पावसाळे लागतात. मी म्हटलं, "मला माहीत आहे हो हे सगळं." तुम्ही म्हणालात, "तुला माहीत अहे. दुसऱ्यास माहीत नसतं. लिही गे." शेवटी वाचून दाखव म्हणालात, मी धडाधड वाचून दाखवलं, तुम्ही ओठ हलवत ऐकलंत, आणि मी बस गाठली. पुढच्या पावसाआधी तुम्ही गेलात.

तो कागद डब्यात राहिला. आमचं माणूसही गेलं. मुलाला गुम्मिडिपूंडीला कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा आम्ही इकडं राहायला आलो. इथं मागं थोडी जागा आहे, एक मोठा करंज आहे, त्याच्याखाली दुपारीही गार असतं. सामान लावताना डबा उघडला आणि कागद हाताला लागला. मी उभ्या उभ्या वाचला. जूनमधे पेरू नकोस. माती टाकू नकोस. आता तुम्ही म्हणाल इतकं स्पष्ट होतं आणि हिला तेव्हाही कळलं नाही. नाही कळलं. मला वाटलं म्हातारं माणूस आहे, सगळ्याच गोष्टी सांगतंय. पण त्या दिवसापासून करंजाखालची ती रिकामी जागा मला बघवेना.

तुमच्या वेलीचं मूळ बी मद्रासजवळच्या कोवलमच्या वाटेवरचं, देवळामागच्या काटेरी रानातलं, हे मीच कधीतरी पाकिटावर लिहिलं होतं. मासी महिन्यात मी तिथं गेले. इथून कोवलम म्हणजे शहराच्या ह्या टोकाकडून त्या टोकाला, तीन बस. देवळातल्या बाईला विचारून मागं शिरले, साडी काट्यांनी फाटली, आणि वाळलेलं एक बोंड मिळालं. एकच घेतलं, बाकीची रानाला ठेवली. परत येताना बसमधे शेजारी मासळीची रिकामी पाटी घेतलेली बाई. तिनं माझ्या हातातलं बोंड ओळखलं आणि तमिळमधे म्हणाली, "अम्मा, हे विष आहे. नवऱ्याला घालणार का?" मी म्हटलं, "नवरा आधीच गेला. उशीर झाला." ती इतकी हसली की पाटी खाली पडली. तुम्ही असतात तर तुम्हीही हसला असतात, तोंडावर पदर धरून.

पुढं सगळं कागदाप्रमाणं. राखेत चोळलं, मडक्यात ठेवलं, जून आला. मृगाला भावाचा फोन आला, आणि मी हात पाठीमागं बांधून अंगणात फेऱ्या मारल्या. मुलगा म्हणाला, आई, काय झालं, पोटात दुखतंय का? ऐप्पसीत पेरलं. त्या पावसात काहीच आलं नाही. माती टाकली नाही. दुसऱ्या पावसात सात पानं आली, गवताच्या पात्यासारखी बारीक. आणि उन्हाळ्यात वाळून गेली. सून म्हणाली, "आई, ते गेलं, तिथं तुळस लावू या का?" तिचं माहेर इथलंच, पेरंबूरचं, तिला तमिळ जास्त जवळची, पण माझ्याशी मराठीतच बोलते. मी म्हटलं, निजलंय, हात लावू नको. असे चार पावसाळे. यंदा वेल करंजाच्या फांदीला पोचली आणि दिवाळी झाल्यावर कळी दिसली.

सकाळी चहाचा पेला घेऊन मागं गेले तर फूल उघडलं होतं. आणि ते तांबडं नव्हतं, मामी. हिरवं होतं, बुडाशी जरा पिवळं. मला वाटलं दुसरंच काहीतरी उगवलं. दुसऱ्या दिवशी निम्मं पिवळं, टोकाला लाल झाक. चौथ्या-पाचव्या दिवशी कुठं ते तुमच्या कुंपणावरच्यासारखं लालभडक झालं. मी रोज तुमच्या वेलीजवळनं गेले होते, पण थांबून कधी बघितलंच नव्हतं. "पहिल्या दिवसापासून तांबडंच?" तुमचा आवाज आला कानात, तसाच बारीक. मी तिथंच पायरीवर बसले. पहिल्या वर्षाच्या वेलीला फूल, तेही भर उन्हाळ्यात, वेल जमिनीत निजते त्या दिवसांत, तेही तांबडंच. तीन खोट्या गोष्टी मी एका दमात सांगितल्या होत्या, आणि तुम्ही त्यातली एकही तोंडावर पकडली नाहीत. कागद घे म्हणालात. धाप लागलेली असताना अर्धा तास. ते कुणासाठी सांगत होतात हे मला चौदा वर्षांनी, चहा निवत असताना कळलं.

आता बोंडं भरायला लागलीत. सुनेला तिच्या आईकडं द्यायला बी पाहिजे. काल तिनं विचारलं, "हे त्या अड्यारच्या मामींचंच ना?" मी फुलाला हात लावत म्हटलं, हो. बघा. परत. इतक्या वर्षांनी, इतकं सगळं होऊन, तोंडातून तेच निघालं. सकाळी वहीचं पान फाडून पाकीट केलं आणि तिच्यासमोर बसून त्यावर लिहिलं. कळलावी. कोवलमच्या रानातली. ऐप्पसीत पेरायची. ती म्हणाली, "अड्यार नाही लिहिलं?" मी म्हटलं, "अड्यारचे अकरा दाणे होते. ते मी घालवले. गटारात ओतले. मामींना खोटं सांगितलं, काल तुलाही." तिनं पाकीट खाली ठेवलं. मग म्हणाली, "अय्यो, आई. मग मामी काय म्हणाल्या?" मी म्हटलं, काही म्हणाल्या नाहीत, कागद दिला. तो कागद मी तिला दाखवला. तिला देवनागरी वाचायला वेळ लागतो, बोट फिरवत फिरवत तिनं पूर्ण वाचला.

एक राहिलं. त्या दिवशी तुम्ही शेवटी आणखी एक ओळ सांगितली होती, "मधे उकरून बघू नकोस." ती मी लिहिली नाही. इतकं कळत नाही का मला, असं वाटलं, आणि बस जवळ आली होती. तुम्ही वाचून दाखव म्हणालात तेव्हा मात्र ती ओळ कागदावर असल्यासारखी म्हणून दाखवली. तुम्हांला कुठं तपासता येणार होतं? सातांतल्या सहाच वेली वर आल्यात, मामी. तिसऱ्या उन्हाळ्यात मला राहवलं नाही, मी उकरून बघितलं, कंदाचं टोक मोडलं. आज सुनेसाठी तो कागद उतरवून काढला आणि ती ओळ सगळ्यांच्या वर लिहिली. एकदाच उकरलं, असं तिला सांगितलं. दोनदा उकरलं होतं.